नातू फ्रेंच शाळेंत, आजी मांजर्लीस

परदेशीं गेलेल्या मुलांच्या संसारांतील अडचणी हा आमच्या पत्रव्यवहारांतील नित्याचा विषय होऊन बसला आहे. बहुतेक पत्रें थंडीच्या, खाण्यापिण्याच्या अथवा मुंजीच्या मुहूर्ताच्या संबंधांतलीं असतात व त्यांस उत्तर देणें आम्हांस फारसें जड जात नाहीं. परंतु बदलापूर पश्चिमेच्या मांजर्ली भागांतून एका वृद्ध भगिनींचें जें पत्र आलें आहे, तें खाजगी उत्तर देऊन मिटवण्यासारखें नाहीं. आज अनेक एकत्र कुटुंबांतील वडील माणसें याच चिंतेंत असतील असें वाटल्यावरून आम्ही त्याचा विचार येथें जाहीरपणें करीत आहों.

या भगिनींचा मुलगा व सून दीड वर्षापूर्वीं नोकरीनिमित्त फ्रान्समध्यें गेलीं. बरोबर नातू गेला. मांजर्लीस असेपर्यंत हा मुलगा दिवसभर अखंड बडबड करी. आजोबांच्या बरोबर स्टेशनपर्यंत गेला तर परत येईपर्यंत शंभर प्रश्न विचारी. आज तो सात वर्षांचा आहे व तेथील प्राथमिक शाळेच्या पहिल्या इयत्तेंत आहे. वर्गांत तो तोंड उघडीत नाहीं, वाचतांना अक्षराअक्षराला अडखळतो, आणि शुद्धलेखनाच्या वहींत त्याच्या अक्षरापेक्षां बाईंच्या लाल रेघाच अधिक असतात. शाळेनें आईबापांस बोलावलें. बाईंनीं मोठ्या आस्थेनें सल्ला दिला कीं, घरीं मराठी बंद करा, मुलाशीं फ्रेंचच बोलत जा. मुलानें व सूनबाईंनीं तो सल्ला शिरसावंद्य मानला. रोज सायंकाळीं आजीशीं होणारें बोलणें आतां रविवारच्या दहा मिनिटांवर आलें आहे. भगिनी लिहितात कीं, माझ्या बोलण्यानें लेंकराचें नुकसान होत असेल तर मी मुकाट्यानें गप्प बसेन. पण खरेंच तसें आहे काय, एवढें मात्र मला सांगा.

उत्तर आम्ही आरंभींच देऊन टाकतों. तसें नाहीं. आजीच्या मराठीनें नातवाचें फ्रेंच बिघडत नाहीं, आणि ती मराठी बंद केल्यानें तें सुधारणारहि नाहीं. मुलाची अडचण खरी आहे, ती आपोआप जाईल असें समजून स्वस्थ बसूं नये. पण तिचें मूळ दुसरीकडे आहे व उपायहि दुसरीकडे आहेत.

बाईंवर कोणीं रागावूं नये. ज्या समजुतीनें त्यांनीं हा सल्ला दिला ती समजूत एके काळीं विद्वानांतहि रूढ होती. सन १९२३ मध्यें वेल्स प्रांतांत सेअर नांवाच्या संशोधकानें द्विभाषी मुलांच्या बुद्धीची परीक्षा घेतली. खेड्यांतील द्विभाषी मुलें एकभाषी मुलांच्या मागें पडलेलीं आढळलीं, व दोन भाषांनीं मुलाच्या डोक्यांत गोंधळ होतो हें मत पक्कें झालें. त्याच परीक्षेंत शहरांतील मुलांत असा फरक दिसला नव्हता, इकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. पुढें १९६२ सालीं कॅनडांतील मॉन्ट्रियल येथें पील व लँबर्ट यांनीं एकाच सांपत्तिक स्थितीच्या घरांतील दहा वर्षांचीं मुलें घेऊन तुलना केली, तेव्हां दोन्ही भाषा चांगल्या येणारीं मुलें मागें तर नव्हतींच, उलट बुद्धीच्या कित्येक कसोट्यांत पुढेंच होतीं. आणि फ्रान्सपुरतेंच बोलावयाचें तर झ्यूल रोंझा या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाची गोष्ट याहूनहि जुनी आहे. त्याची पत्नी जर्मन. मुलाशीं बापानें फ्रेंचच बोलावें व आईनें जर्मनच, असा सल्ला त्यास ग्रामाँ या त्याच्या विद्वान मित्रानें दिला. रोंझानें तो पाळला, मुलाच्या बोलण्याची बारीक टिपणें ठेवलीं आणि १९१३ सालीं तीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं. मुलगा दोन्ही भाषा स्वच्छ बोलूं लागला होता. तेव्हां बाईंच्याच देशांतील पुरावा आपल्या बाजूचा आहे, हें चिरंजीवांनीं नम्रपणें त्यांच्या कानावर घालण्यास हरकत नाहीं.

आतां घरांत काय घडतें तें पाहूं. सूनबाईंचें फ्रेंच दीड वर्षांत बाजारहाटापुरतें झालें असेल. त्या भाषेंत ‘ये’, ‘जेव’, ‘बूट घाल’, ‘झोप’ एवढें म्हणतां येतें. परंतु चंद्र आपल्याबरोबर कां चालतो, आजोबांचे आजोबा कोठें गेले, वर्गांतला अमुक मुलगा मला खेळांत कां घेत नाहीं, असें मुलानें विचारलें म्हणजे आईनें काय करावें? बाजाराच्या भाषेंत या प्रश्नांस उत्तर नाहीं. मग ती गप्प बसते, अथवा तुटक बोलते, आणि चार महिन्यांनीं मूल विचारणेंच सोडून देतें. म्हणजे शाळेंत जें तोंड मिटलें होतें तें आतां घरींहि मिटलें! जी भाषा आईबापांस पूर्णपणें येते तीच मुलाला पूर्ण मिळते. लंगडें फ्रेंच त्याला घरीं मिळवून देण्याची गरज नाहीं. अस्सल फ्रेंच त्याला शाळेंत दिवसाचे सहा तास मिळतच आहे.

याला शास्त्राचाहि आधार आहे. कॅनडांतील जिम कमिन्स या शिक्षणशास्त्रज्ञानें १९७९ च्या सुमारास एक भेद दाखवून दिला. खेळतांना, जेवतांना लागणारी बोलभाषा परक्या मुलांना साधारण दोन वर्षांत येते. परंतु गणिताचें उदाहरण समजणें, धड्याचा आशय सांगणें, कारण व परिणाम जोडणें यांस जी शाळेची भाषा लागते, तिच्यांत इतर मुलांच्या बरोबरीस येण्यास पांच ते सात वर्षें जातात. आपल्या नातवास दीडच वर्ष झालें आहे! कमिन्स यांचें दुसरें म्हणणें आमच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचें आहे. एका भाषेंत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेंत पुन्हां पहिल्यापासून शिकावी लागत नाहीं. ‘अर्धा’ म्हणजे काय, ‘कारण’ म्हणजे काय, गोष्टीला आरंभ, मध्य व शेवट असतो, हें ज्यास मराठींत उमगलें त्यास फ्रेंचमध्यें केवळ शब्द शिकावयाचे उरतात.

आपल्या लोकांस हा अनुभव नवा आहे असेंहि नाहीं. सतराव्या शतकांत व्यंकोजी राजांबरोबर व त्यांच्या मागून जीं मराठी घराणीं तंजावरास गेलीं, त्यांच्या मुलांनीं रस्त्यांत तमिळ ऐकलें, दरबारांत तेलुगु ऐकलें, पाठशाळेंत संस्कृत घोकलें व पुढें इंग्रजीहि शिकलें. पण स्वयंपाकघरांत मराठीच राहिली, आणि तंजावरी मराठी आजहि कित्येक घरांत बोलली जाते. याच्या उलट मॉरिशसची गोष्ट आहे. तेथें एकोणिसाव्या शतकांत रत्नागिरीकडून गेलेल्या आपल्या लोकांच्या वंशजांना शाळेंत इंग्रजी व फ्रेंच शिकावें लागतें. मराठी हा प्राथमिक शाळेंतला ऐच्छिक विषय आहे. अभिमानानें तो घेणारीं घरें तेथें आहेत, परंतु घरांतलें बोलणें बहुतेक ठिकाणीं क्रिऑलमध्यें होऊं लागलें आहे. शाळेंतील विषय म्हणून भाषा वांचते खरी; पण ज्या भाषेंत आजी रागावत नाहीं व समजूत घालीत नाहीं, ती मुलाची होत नाहीं.

मग नातू अडखळतो तो कां? त्याचें कारण फ्रेंच लेखनाच्या घडणींत आहे, व तें वडील मंडळींनीं समजून घ्यावें, म्हणजे मुलास ‘मंद’ म्हणण्याची इच्छा होणार नाहीं. देवनागरींत उच्चारावें तसें बहुतेक लिहिलें जातें. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळलें कीं झालें. फ्रेंचमध्यें पक्ष्याला ‘वाझो’ म्हणतात, आणि हा लहानसा शब्द सहा अक्षरांनीं लिहितात; त्यांतील एकाहि अक्षराचा स्वतःचा म्हणून जो उच्चार, तो त्या शब्दांत ऐकूं येत नाहीं. एकट्या ‘ओ’ या स्वरास लिहिण्याच्या तीन-चार रीती आहेत व कोणत्या शब्दांत कोणती, हें पाठच करावें लागतें. ‘तूं बोलतोस’, ‘तो बोलतो’ व ‘ते बोलतात’ या तिहींतील क्रियापद कानाला एकच ऐकूं येतें—‘पार्ल’. लिहितांना मात्र तिहींचे शेवट निराळे. अनेकवचनाचें चिन्ह लिहावयाचें, पण उच्चारावयाचें नाहीं. श्रुतलेखन घेतांना बाई जें बोलतात त्यांत उत्तर नसतेंच; तें व्याकरणांतून काढावें लागतें. फ्रेंच आईबापांचीं मुलेंहि या ठिकाणीं वर्षानुवर्षें ठेचकाळतात.

आजोबांच्या पिढीस हें समजण्यास कठीण जाऊं नये. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वीं आपणहि न उच्चारलेले अनुस्वार डोक्यावर घेऊन लिहीत होतों, व ते कोठें द्यावे यासाठीं छड्याहि खात होतों.

उलटपक्षीं आपल्या मुलांस कांहीं गोष्टी फुकट मिळतात, त्याहि सांगितल्या पाहिजेत. फ्रेंच ‘त’ आणि ‘द’ आपल्याप्रमाणेंच दंत्य आहेत. इंग्रज मुलास ते साधण्यास कष्ट पडतात, आपल्यास नाहींत. निर्जीव वस्तूंना लिंग असतें व त्याप्रमाणें विशेषण बदलतें, हें मराठी मुलास दुधाबरोबरच कळलेलें असतें. फक्त आपलीं तीन लिंगें तेथें दोन होतात आणि आपला चंद्र तेथें स्त्रीलिंगी होतो. ‘तूं’ला फ्रेंचमध्यें जवळजवळ तोच शब्द आहे, आणि वडीलधाऱ्यांस ‘आपण’ म्हणण्याची रीतहि आहे. संस्कृतांतील ‘नव’ या शब्दाचे नऊ आणि नवीन असे दोन अर्थ होतात. फ्रेंचमध्यें ‘नफ’ या एकाच शब्दाचे नेमके हेच दोन अर्थ आहेत. आजोबांनीं ही गंमत फोनवर एकदां सांगून पाहावी. आपल्या घरची भाषा व शाळेची भाषा या दूरच्या कां होईना पण नात्यांतल्या आहेत, हें कळल्यानें मुलाच्या मनावरील दडपण पुष्कळ कमी होतें.

संख्यावाचनाची कथा तर मोठी मौजेची आहे. आपण ‘एकवीस’ म्हणतांना एक आधीं बोलतों व वीस नंतर; फ्रेंच ‘वीस आणि एक’ म्हणतात. येथवर ठीक आहे. पण सत्तरास ते ‘साठ-दहा’ म्हणतात, ऐंशीस ‘चार वीस’, आणि नव्वदास ‘चार वीस दहा’! मांजर्लीच्या आजीला हें ऐकून हसूं येईल. परंतु तिच्या आजीच्या वेळीं बाजारांत आंबे आणि नारळ विसांवरच मोजले जात. ‘चार विसा ऐंशी’ हें आपल्या जुन्या बायकांचें गणित नातवाच्या शाळेंत आजहि जिवंत आहे. सुपारीच्या चार राशी वीस-वीसच्या मांडून आजीनें फोनच्या पडद्यावर एकदां दाखवाव्या, म्हणजे जें कोडें वर्गांत चार आठवडे सुटलें नाहीं तें चार मिनिटांत सुटेल, असा आमचा भरंवसा आहे.

येथपर्यंत आम्ही अडचण भाषेची आहे असें धरून चाललों. परंतु ती कांहीं मुलांच्या बाबतींत भाषेपलीकडची असूं शकते, व हा भेद ओळखणें हेंच या प्रकरणांतील सर्वांत नाजूक काम आहे. कित्येक मुलांस अक्षर आणि ध्वनि यांची सांगड घालण्याची जन्मजात अडचण असते. तिला डिस्लेक्सिया म्हणतात. ती दोन भाषांमुळें उत्पन्न होत नाहीं. एकच भाषा बोलणाऱ्या घरांतहि ती असते. शाळेंतील बाईंस केवळ मुलाचें फ्रेंच दिसतें. फ्रेंच कच्चें आहे म्हणून वाचन कच्चें, कीं मुळांतच कांहीं दोष आहे, हें त्यांनीं कसें ओळखावें? ओळखण्याचें साधन एकच आहे, आणि तें म्हणजे मुलाची मराठी.

म्हणून आम्ही भगिनींस सांगतों कीं, या बाबतींत आपल्याइतका चांगला साक्षीदार दुसरा नाहीं. मुलगा पहिला शब्द कधीं बोलला, दोन शब्द जोडून कधीं बोलूं लागला, त्याचे कान वारंवार फुटत होते काय, ऐकलेली गोष्ट त्यास क्रमानें सांगतां येई काय, वारांचीं नांवें ओळीनें लक्षांत राहत काय, ‘कावळा’ आणि ‘काका’ यांच्या आरंभीं एकच ध्वनि आहे हें त्यास उमगे काय, घराण्यांत कोणास वाचनाची अशी अडचण होती काय—हें सर्व आपण एका कागदावर लिहून काढावें. चिरंजीवांनीं त्याचें फ्रेंच करून शाळेच्या डॉक्टरांस व वाणीच्या तज्ज्ञांस दाखवावें. तेथें अशा तज्ज्ञांस ‘ऑर्तोफोनिस्त’ म्हणतात. डॉक्टरांची चिठ्ठी असली म्हणजे त्यांच्या खर्चाचा मोठा भाग सरकारी आरोग्यविम्यांतून मिळतो. मात्र भेटीची वेळ मिळण्यास कित्येक ठिकाणीं महिनेच्या महिने जातात, तेव्हां नांव आधींच नोंदवून ठेवावें. आणि या सगळ्यांच्या आधीं कान तपासून घ्यावे. हा अगदीं साधा उपाय, पण लोक तोच सर्वांत शेवटीं करतात.

मराठींत मुलगा पूर्वींप्रमाणेंच गोष्ट रंगवून सांगत असेल, थट्टा समजत असेल, प्रश्न विचारीत असेल, तर धीर धरावा. नव्या भाषेंत पडलेलीं मुलें कित्येक महिने मौन धरतात व त्या मौनांत कान उघडे ठेवून शिकत असतात. मराठींतहि तो चांचरत असेल, शब्द हरवत असेल, तर मात्र वेळ न दवडतां तपासणी करावी. दोन्ही बाबतींत मराठी चालू असणें अवश्य आहे. ती बंद केली तर मापण्याची पट्टीच मोडून टाकल्यासारखें होईल.

तेथील शाळेकडून काय मागतां येतें हेंहि आईबापांस नीट ठाऊक नसतें. फ्रान्समध्यें सरकारी शाळा विनामूल्य आहेत व २०१९ पासून तिसऱ्या वर्षापासूनच शिक्षण सक्तीचें झालें आहे. सहाव्या वर्षीं जी पहिली इयत्ता लागते तिला ‘से-पे’ म्हणतात. वाचन-लेखनाचा खरा भार याच वर्षीं पडतो, आणि वर्षाच्या आरंभीं व मध्यावर देशभर एकच चांचणी घेतली जाते. फ्रेंच न येणाऱ्या नवागत मुलांसाठीं विशेष वर्ग असावे अशी तेथील शिक्षणखात्याची २०१२ सालची योजना आहे, व प्रत्येक शैक्षणिक विभागांत त्या कामाचें एक केंद्र असतें. नातू गेला तेव्हां बालवर्गांत होता, म्हणून कदाचित् तो या योजनेंतून निसटला असेल. चिरंजीवांनीं मुख्याध्यापकांस स्पष्ट विचारावें. याखेरीज मागें पडणाऱ्या मुलांस चारदोघांच्या गटांत घेऊन शाळेच्या वेळेबाहेर शिकवण्याची सोय शिक्षकांच्या कामांतच धरलेली आहे. सूनबाईंसाठींहि एक सोय आहे: परदेशी आईबापांस फ्रेंच शिकवणारे विनामूल्य वर्ग कित्येक शाळांतूनच चालतात. सूनबाईंनीं तेथें अवश्य जावें. त्यांनीं फ्रेंच शिकावें तें मुलाशीं बोलण्यासाठीं नव्हे, तर बाईंशीं बोलण्यासाठीं.

बाई जर विचारूं लागल्या कीं मराठी ही कोणती बोली, तर चिरंजीवांनीं संकोचूं नये. २०११ च्या शिरगणतींत आठ कोटींहून अधिक लोकांनीं मराठी ही मातृभाषा म्हणून नोंदवली आहे, आणि तिच्या घडणीचा पहिला मोठा शास्त्रीय इतिहास झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानेंच लिहून १९२० सालीं प्रसिद्ध केला, एवढें सांगितलें तरी पुरे.

आतां मांजर्लीकडे वळूं. तेथील शाळा बहुधा दुपारीं साडेचारच्या सुमारास सुटते. त्या वेळीं आपल्याकडे उन्हाळ्यांत रात्रीचे आठ व हिवाळ्यांत नऊ वाजलेले असतात. बुधवारीं कित्येक गांवांतील शाळा बंद असते, व इतर ठिकाणीं निदान दुपार मोकळी असते. तेव्हां रोजचीं पंधरा मिनिटें व बुधवारचा मोठा वेळ, असा नेम बांधून घ्यावा. मुलास जांभई येऊं लागली कीं बोलणें थांबवावें. आणि या वेळेस परीक्षेचें रूप कदापि देऊं नये. ‘आज शाळेंत काय शिकवलें? म्हणून दाखव!’ असें आजोबांनीं दरडावून विचारलें कीं मुलगा फोन पाहून पळूं लागेल. काऊ-चिऊची गोष्ट सांगतां सांगतां आजीनें मध्येंच विसरल्याचें सोंग करावें. पुढचें तो सांगेल.

शाळेंत ज्याला ‘जगाला विचारणें’ अशा अर्थाचें नांव आहे असा एक विषय या इयत्तांना असतो. ऋतु, प्राणी, झाडें, पाणी यांची माहिती त्यांत येते. पुढील आठवड्यांत कोणता पाठ आहे हें सूनबाईंनीं आधीं कळवावें, म्हणजे आजीला तो मराठींत आधींच बोलून टाकतां येईल. ऋतूंचें चित्र घ्या. तेथें ऋतु चार, व पानें गळतात तीं ऑक्टोबर-नोव्हेंबरांत. मांजर्लीच्या अंगणांतील झाडाचीं पानें शिशिरांत गळतात, आणि पावसाळा हा स्वतंत्र ऋतु त्या पुस्तकांत नाहींच. ज्या मुलानें उल्हास नदीचें पावसाळ्यांतलें गढूळ पाणी पाहिलें आहे, त्यास ‘पावसाळा कोठें गेला?’ हा प्रश्न पडणारच. तो प्रश्न त्यानें आजीपाशीं मराठींत सोडवला म्हणजे वर्गांत चित्रें जुळवतांना त्यास फक्त चार फ्रेंच शब्द आठवावे लागतील.

पाठांतर हें दुसरें क्षेत्र. फ्रेंच प्राथमिक शाळांतून कविता तोंडपाठ करून वर्गापुढें म्हणण्याची पद्धत अजून आहे. ज्या घरांत रामरक्षा व पाढे संध्याकाळीं म्हणून घेतले जात होते, तेथें पाठांतर कसें करावें हें कोणीं शिकवावयास नको: चरण तोडून, मग जोडून, रात्रीं एकदां आणि सकाळीं उठल्यावर पुन्हां एकदां. नातवानें आपली फ्रेंच कविता आजोबांस म्हणून दाखवावी. आजोबांस त्यांतलें अक्षर कळणार नाहीं, हें उत्तमच; कारण मग तिचा अर्थ त्यालाच मराठींत समजावून द्यावा लागेल, आणि जें दुसऱ्यास समजावतां आलें तें आपलेंसें झालें. वर्गांत जो सर्वांच्या मागें आहे तो घरीं गुरुजी होतो, याचा परिणाम आम्हांस व्याकरणाच्या दहा पाठांहून मोठा वाटतो.

फ्रेंच वाचनाचा सराव मात्र रोज झालाच पाहिजे. मराठीचें समर्थन करतांना आम्ही यांतून सुटका देत नाहीं. तेथें पहिल्या इयत्तेंत व्यंजनास एकेक स्वर जोडून वाचतात. ही आपली बाराखडीच होय. दहा मिनिटें मोठ्यानें वाचन बापानें ऐकावें, उच्चार शंकास्पद असेल तेथें पुस्तकाची ध्वनिफीत लावावी. लेखी गृहपाठ प्राथमिक शाळेंत देऊं नये असा तेथें १९५६ पासून नियम आहे. तेव्हां घरीं वह्यांचे ढीग भरून घेण्याचा उत्साह चिरंजीवांनीं आवरावा. मुलाला देवनागरी लगेच शिकवावी काय, असेंहि पत्रांत विचारलें आहे. यावर मतभेद आहे. आमचें मत असें कीं, फ्रेंच वाचन जरा स्थिरावेपर्यंत मराठी कानानें व तोंडानें चालूं द्यावी. त्यानें आपण होऊन अक्षर विचारलें तर लगेच दाखवावें.

मिश्र बोलण्यास हसूं नये. ‘आजी, मी एकोलला गेलों’ असें तो म्हणाला तर ‘हो का, शाळेला गेलास?’ एवढेंच म्हणून पुढें चालावें. बदलापुरांतील चुलतभावंडांशीं तुलना तर मुळींच करूं नये. त्या चुलतभावंडांविषयींहि दोन शब्द लिहावेसे वाटतात. मांजर्लीच्या गल्लींत सकाळीं इंग्रजी शाळेच्या गाडीची वाट पाहणाऱ्या मुलांशीं त्यांच्या आया ज्या अर्ध्यामुर्ध्या इंग्रजींत बोलतात, ती चूक आणि फ्रान्समधील सूनबाईंची चूक एकच आहे. अंतर फक्त सात हजार किलोमीटरांचें. जुन्या मुंबई इलाख्यांत चार मराठी इयत्ता झाल्यावर ‘पहिली इंग्रजी’ सुरू होई व त्या पायावर उत्तम इंग्रजी लिहिणारे लोक निपजले. तो काळ परत यावा असें आम्ही म्हणत नाहीं. घरची भाषा कच्ची ठेवून शाळेची पक्की होत नाहीं, एवढेंच त्यावरून दिसतें. जवळचें उदाहरण हवें असेल तर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं कोसबाडला आदिवासी मुलांसाठीं जें काम केलें तें पाहावें. तोहि तेव्हांचा ठाणें जिल्हाच. शाळेंत न येणाऱ्या मुलांकडे त्यांनीं शाळाच नेली, गुरांमागें जाणाऱ्यांसाठीं कुरणशाळा काढली, आणि पानें, बिया, शिंपले अशा त्या मुलांच्या ओळखीच्या वस्तूंपासून शिक्षणास आरंभ केला.

एक गोष्ट लिहावयाची राहिली. फ्रेंच शाळांस जुलैच्या आरंभीं सुट्टी लागते ती ऑगस्टच्या अखेरपर्यंत असते. सुट्टींत नातू मांजर्लीस येईल तेव्हां त्याला कोणत्याहि शिकवणीस घालूं नये. मराठी बोलण्यास घर व गल्ली पुरेशी आहे. परंतु दोन महिन्यांत फ्रेंच वाचन मागें पडतें, हा सर्वांचा अनुभव आहे. म्हणून दुपारीं जेवणानंतर दहा मिनिटें त्यानें आजोबांजवळ बसून मोठ्यानें फ्रेंच वाचावें व पानाच्या शेवटीं काय झालें तें मराठींत सांगावें. तेथील सार्वजनिक वाचनालयांतून सुट्टीसाठीं अधिक दिवस पुस्तकें मिळतात काय, हें विचारून ठेवण्यास सूनबाईंना आतांच कळवावें; नाहींतर मोठ्या अक्षरांचीं, चित्रांचीं दोनतीन पातळ पुस्तकें विकत घेऊन सामानांत वरच ठेवावीं. पुस्तकें पहिल्या इयत्तेचींच असावीं, दुसरीचीं नकोत.